स्टिअरिंग जड झालं तेव्हा

आमच्या अंगणात फरशीवर तेलाचा एक डाग होता. आधी बशीएवढा असलेला हा डाग पंचाऐंशी-शहाऐंशीच्या सुमाराला परातीएवढा झाला. आई रोज सकाळी त्याच्यावर राईसमिलमधून आणलेल्या भुशाची राख पसरायची, दुपारी झाडून काढायची, आणि संध्याकाळी गाडी परत येऊन त्याच जागी उभी राहिली की तिथे पुन्हा ओलं व्हायचं. गाडी जुनी झाली की तेल गळायचंच, असं बाबा म्हणायचे. माणूस जुना झाला की काय काय गळतं याची यादी आईकडे तयार असायची. ती सुरू झाली की बाबा पेपर उघडायचे.

बाबा वकील होते. बालाघाटला त्यांची वकिली होती, पण जीव होता वारासिवनीच्या कोर्टात. मंगळवारी आणि शुक्रवारी ते तिथे जायचे. धानाचे व्यापारी, मिलवाले, एका बांधासाठी वीस वर्षं न बोलणारे सख्खे भाऊ, असे त्यांचे पक्षकार. बालाघाटला ते बऱ्याच वकिलांपैकी एक होते. वारासिवनीला ते वकीलसाहेब होते. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. पण मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांच्या दाढीला दुप्पट वेळ लागायचा.

गाडी त्यांनी भरवेलीच्या खाणीतल्या एका बड्या अधिकाऱ्याकडून घेतली होती. तो नोकरी सोडून कायमचा परदेशी निघाला होता आणि त्याची लांबलचक परदेशी गाडी कोणी घ्यायला तयार नव्हतं, कारण ती पेट्रोल प्यायची आणि आमच्या गल्लीत वळवताना दोनदा मागेपुढे करावी लागायची. बाबांनी ती घेतली आणि आई आठ दिवस त्यांच्याशी मोजकं बोलली. गाडीचं कौतुक एकच होतं, तिचं पॉवर स्टिअरिंग. इंजिनावर एक छोटा पंप होता, तो पट्ट्यानं फिरायचा आणि दाबाखालचं तेल पाईपमधून स्टिअरिंगकडे ढकलायचा. चाकं वळवायची मेहनत ते तेल करायचं, माणसानं फक्त मनात आणायचं. पाहुणे आले की बाबा उभ्या गाडीचं इंजिन चालू करून एका बोटानं स्टिअरिंग फिरवून दाखवायचे. पाहुण्यांनाही फिरवायला लावायचे. पुढे पुढे पाहुणे गाडी टाळून मागच्या दारानं यायला लागले, असं आई सांगायची, पण ते खरं नाही.

मग बाबांना लकव्याचा झटका आला. सौम्य होता, जीभ आठवड्यात सुधारली, पाय महिन्यात. डाव्या हातात मात्र कमजोरी राहिली. कपबशी धरता यायची, पण त्याहून जड काही उचलायचं तर उजवा हात मदतीला लागायचा. सहा महिन्यांनी त्यांनी एका मित्राची जीप मैदानावर चालवून पाहिली. वळणावर हात फिरेना. ते उतरले, घरी आले आणि आमच्या गाडीत बसून फाटकाबाहेर पडले. अर्ध्या तासानं परतले तेव्हा चेहऱ्यावर, खटला जिंकल्यावर दिसायचं ते, न दाखवायचं ठरवलेलं समाधान होतं. गिअर आपोआप पडत होते, स्टिअरिंग उजव्या हातानं फिरत होतं, डावा नुसता सोबतीला. त्या पुढच्या मंगळवारपासून ते पुन्हा वारासिवनीला जायला लागले. ड्रायव्हर ठेवा, असं आम्ही सगळ्यांनी सुचवलं. ड्रायव्हर ठेवला तर मी मागं बसून काय करू, असं ते म्हणाले.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत गणित शिकवत होते. लग्न केलं नव्हतं आणि करणार नाही हे घराला पटवून झालं होतं. गाडी मला बाबांनीच शिकवली होती. माझा स्वभाव फटकळ आहे असं लोक म्हणतात. मला तो सरळ वाटतो. म्हणूनच पुढे जे केलं ते सांगायला इतकी वर्षं लागली.

त्या वर्षी पोळा होऊन गेल्यावरची गोष्ट. शाळेला सुट्टी होती म्हणून मी बाबांबरोबर वारासिवनीला निघाले. वाटेत एक माणूस सायकलच्या दोन्ही बाजूंना धानाची पोती लटकवून चालला होता आणि चालता चालता मधेच रस्त्यात आला. बाबांनी वळवलं, पण गाडी उशिरा वळली. पोत्याला आरसा घासला. सायकलवाला पडला नाही, शिव्याही दिल्या नाहीत, नुसता उभा राहून बघत राहिला. बाबांनी गाडी बाजूला घेतली आणि आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं.

"वेळेवर उचलत नाही हा," ते म्हणाले.

मीही तेच समजले. डॉक्टर आईला आधीच म्हणाले होते, आता गाडी बंद केलेली बरी. पण बाबांना ते सांगायचं कोणी? आईनं माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीबाहेर. असे आठ दिवस गेले.

आठ दिवसांनी किरनापूरला मावशीकडे पूजा होती. बाबांना ताप होता, म्हणून आईला घेऊन मी गाडी नेली. सरळ रस्त्यावर काही जाणवलं नाही. किरनापूरच्या बाजारात वळायची वेळ आली तेव्हा स्टिअरिंग हलेचना. मी दोन्ही हातांनी ओढलं, पाठ सीटला टेकवून ओढलं, तेव्हा कुठे चाकं वळली. आणि वळताना बॉनेटखालून कोणीतरी कण्हल्यासारखा आवाज आला. परत निघताना तेच. आई मागे बसून मावशीच्या सुनेबद्दल बोलत होती, तिला काही कळलं नाही.

मला कळलं. माझ्या दोन धडधाकट हातांना जर हे जड, तर दोष बाबांच्या हाताचा नव्हता. बिघाड गाडीत होता. सायकलवाल्याच्या वेळीही गाडीच उशिरा वळली होती, हात नव्हे. हे कळायला गणिताची गरज नव्हती.

घरी आले तेव्हा बाबा व्हरांड्यात शाल पांघरून बसले होते.

"कशी चालली?" त्यांनी विचारलं.

"ठीक," मी म्हणाले.

हा एक शब्द मी विचार करून बोलले. किरनापूर ते बालाघाट सगळा रस्ता माझ्या डोक्यात तोच विचार होता. गाडी दुरुस्त झाली तर बाबा चालवत राहतील. आज पोतं होतं, उद्या माणूस असेल. गाडी जड राहिली तर ते आपणहून थांबतील, आणि त्यांना थांबवायचा वाईटपणा आमच्यापैकी कोणालाच घ्यावा लागणार नाही. मला हे तेव्हा फार शहाणपणाचं वाटलं. आईलाही मी सांगितलं नाही, कारण तिच्या पोटात काही राहत नसे.

झालंही तसंच. बाबांनी आधी शुक्रवार सोडला. मंगळवारी ते जायचे, पण परतले की बराच वेळ गाडीतच बसून राहायचे. मग मंगळवारीही बसनं जायला लागले. बसमध्ये त्यांना कोणीतरी जागा द्यायचं आणि ते त्यांना आवडायचं नाही. काही दिवसांनी वारासिवनीच्या तारखा ते एका तरुण वकिलाकडे सोपवू लागले.

आणि घरी हाताचे उपचार सुरू झाले. रोज सकाळी आई राईचं तेल कोमट करून त्यांच्या दंडाला चोळायची. ते ओला टॉवेल पिळायचे, पिळून किती पाणी निघालं ते भांड्यात बघायचे, आणि कालच्यापेक्षा कमी वाटलं की त्यांचा चेहरा पडायचा. तांब्यात पाणी भरून तो डाव्या हातानं खांद्यापर्यंत न्यायचे. सुरुवातीला दहा वेळा, मग वीस वेळा. हात हळूहळू सुधारतही होता, मला दिसत होतं. पण अधूनमधून ते अंगणात जाऊन उभ्या गाडीचं इंजिन चालू करायचे, स्टिअरिंग फिरवून बघायचे आणि बंद करून आत यायचे. तांब्या वीस वेळा उचलणारा हात तिथे हरायचा. कारण बिचाऱ्या हाताशी झुंजत होतं कोरडं पडत चाललेलं यंत्र. तेल हवं होतं गाडीला, आणि आम्ही ते बाबांच्या दंडाला चोळत होतो.

हे सगळं मी तीन महिने पाहिलं. रोज सकाळी शाळेला निघताना राईच्या तेलाचा वास यायचा आणि मी पटकन चपला घालायचे. रोज वाटायचं, आज सांगू. आणि रोज वाटायचं, आता सांगितलं तर इतके दिवस का नाही सांगितलं हेही सांगावं लागेल. खोटं किती लहान आहे याला काही अर्थ नसतो, ते किती दिवसांचं झालं यावर सगळं असतं.

दिवाळीनंतर बाबांनी मला एक कागद वाचायला दिला. त्यांच्या पक्षकारांना पाठवायचं पत्र होतं. वारासिवनीची वकिली मी बंद करत आहे, आपली कागदपत्रं अमुक वकिलांकडे सुपूर्द करतो आहे, असं लिहिलं होतं. खाली कारण होतं: माझ्या डाव्या हाताने साथ सोडल्यामुळे.

"काही चूक असेल तं पाह्य," ते म्हणाले. "शुद्धलेखन आता पैल्यासारखं राह्यलं नाही माह्यं."

शुद्धलेखनाची चूक एकही नव्हती. मी कागद परत दिला आणि म्हणाले, पत्र पाठवायची घाई करू नका, पुढच्या आठवड्यात टाका. ते हौ म्हणाले. मला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेबरोबर त्यांचा रागही आला, की इतका हुशार माणूस, उलटतपासणीत समोरच्याला घाम फोडणारा, यानं एकदाही गाडीवर संशय का घेऊ नये? पण त्या गाडीवर त्यांचा विश्वास होता. स्वतःच्या हातावर नव्हता.

तेव्हाही मी खरं सांगितलं नाही. मी आडवाट काढली. जेवताना म्हणाले, अंगणातला डाग फार वाढला आहे, तेल कुठून गळतं ते एकदा कोणाला तरी दाखवू या. आईनं लगेच उचलून धरलं. बाबा म्हणाले, दाखवा. त्यांना आता त्यात काही गोडी नव्हती.

बसस्टँडजवळच्या गॅरेजवाल्यानं आधी एकदा गाडी पाहिली होती. इंजिन ऑईल गळतं आहे, टाकत राहा, असं त्याचं निदान होतं, आणि बाबा दर रविवारी तेल मोजायची काडी काढून बघायचे नि कमी झालेलं ऑईल इंजिनात टाकायचे. इंजिनात ते कधी कमी पडू दिलं नाही. पण पंपावर स्टिअरिंगच्या तेलाची एक वेगळी छोटी टाकी होती. त्या खाणीच्या साहेबानं गाडी देताना सांगितलं होतं, याला कधी हात लावायची गरज पडणार नाही. बाबांनी ते वाक्य न्यायालयाच्या मनाई हुकुमासारखं पाळलं होतं. आठ-नऊ वर्षांत तिचं झाकण उघडलं नव्हतं.

मी गॅरेजवाल्याला बोलावलं नाही. भरवेलीला एक मिस्तरी होता, त्याची मुलगी माझ्या वर्गात होती. खाणीतल्या डंपरवर त्यानं हयात घालवली होती. मूळचा भंडाऱ्याकडचा, पन्नाशीचा, सडपातळ, कामाला लागला की मोजकंच बोलणारा. डंपरचं स्टिअरिंगही तेलाच्या दाबावर चालतं, म्हणून त्याला हे यंत्र कळेल असा माझा अंदाज होता. रविवारी सकाळी तो मोटरसायकलवरून आला. बॉनेट उघडून त्यानं आधी काहीच केलं नाही, नुसता पाहत राहिला. मग छोट्या टाकीचं झाकण उघडलं, आत बोट घातलं, बोट बाहेर काढून पाहिलं. बोट जवळजवळ कोरडं होतं.

"याच्यात तेल कोण टाकते?" त्यानं विचारलं.

कोणीच टाकत नव्हतं.

"बाई, घरी तांदळाचं पीठ आहे काय?"

आईला वाटलं त्याला काहीतरी खायला हवं आहे. ती म्हणाली, थांबा, पोहे करते. तो म्हणाला, "पोहे बी करा, पण आधी पीठ द्या."

त्यानं रॉकेलनं सगळं इंजिन धुतलं. वर्षानुवर्षांची काळी मळी निघाली, तिच्याखालून आम्ही कधी न पाहिलेले पाईप आणि नट दिसले. फडक्यानं पुसून, अर्धा तास उन्हात वाळवून, त्यानं छोट्या टाकीत बरोबर आणलेलं लाल तेल ओतलं. मग चाळणीतून तांदळाचं पीठ सगळ्या पाईपांवर आणि जोडांवर भुरभुरवलं. बॉनेटखालचं सगळं पांढरं झालं. गाडीखाली त्यानं जुने पेपर पसरले.

"खाणीत पावडर भेटत होती याच्यासाठी. इथं आपल्याकडं तांदूळ काय कमी हाय? जिथून तेल येईन तिथं पीठ भिजते. डोळ्यानं दिसते, अंदाज लावा नाही लागत."

बाबा तोवर व्हरांड्यातून उठून अंगणात आले होते. हात पाठीमागे बांधून उभे होते. मिस्तरीनं मला गाडीत बसायला सांगितलं. इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचं, तो बघेल. नवीन तेल पडलं होतं, तरी पंप हवा ओढत होता आणि कण्हत होता. मी फिरवायला लागले. हलेना. मी दोन्ही हात लावले. दात खाऊन ओढलं.

"कवापासून जड हाय?" मिस्तरीनं बॉनेटमागून विचारलं.

मी उत्तर द्यायच्या आत बाबा म्हणाले, "गाडी जड नाही रे. माह्या हातात दम राह्यला नाही. झटका येऊन गेला मले."

मिस्तरीनं मान बाहेर काढली. माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"तुमच्या हाताचं राहू द्या, साहेब. बाईले तं झटका नाही आला ना? त्या दोन्ही हातांनी ओढून राह्यल्या, पाहा."

बाबांनी पाहिलं. मी स्टिअरिंगला दोन्ही हातांनी लटकले होते, कपाळावर घाम होता. त्यांच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला आज नीट सांगता येणार नाही. आनंद असणार, आणि आनंदाआड लगेच दुसरं काहीतरी. वकील होते. एक उत्तर मिळालं की त्यातून पुढचा प्रश्न त्यांना आपोआप सुचायचा.

पण तो प्रश्न त्यांनी तेव्हा विचारला नाही. ते बॉनेटजवळ जाऊन उभे राहिले. मिस्तरी त्यांना दाखवायला लागला आणि ते ऐकायला लागले. तेल दोन ठिकाणांहून गळत होतं. इंजिनाच्या वरच्या झाकणाचं पॅकिंग कडक होऊन फाटलं होतं, तिथून काळं ऑईल ओघळायचं. ते नेमकं स्टिअरिंगच्या जाड पाईपवर पडायचं, म्हणून तो पाईप कायम काळा दिसायचा आणि सगळ्यांना वाटायचं इंजिनच गळतं आहे. प्रत्यक्षात त्या पाईपला, टोकाच्या कडीपाशी, केसाएवढी भेग होती. गाडी सरळ चालली की ती गप्प. स्टिअरिंग वळवलं, दाब वाढला, की तिथून तेलाचा बारीक फवारा उडायचा. मी पुन्हा स्टिअरिंग ओढलं तेव्हा बाबांच्या डोळ्यांसमोर तिथलं पीठ गुलाबी झालं. आणि तो फवारा पट्ट्यावर पडून पट्टाही घसरत होता.

खालच्या पेपरवर काळे ठिपके होते आणि त्यांच्यात चार लाल. बाबांनी वाकून ते चार ठिपके बराच वेळ पाहिले.

झाकणाचं पॅकिंग मिस्तरीनं तिथेच बनवलं. बुचाचा तक्ता झाकणावर ठेवून कडेकडेनं हातोडीनं हलके ठोके देत त्यानं तो कापला, बोल्टची भोकं रिकाम्या काडतुसाच्या नळीनं पाडली. पाईप मिळणार नव्हता. तो त्यानं सोडवून नेला, डंपरच्या जाड पाईपच्या तुकड्याला जुन्या पाईपच्या कड्या बसवून घेतल्या आणि पुढच्या रविवारी घेऊन आला. पट्टाही नवा आणला. पुढची चाकं जॅकवर उचलून, इंजिन बंद ठेवून, बाबांनाच गाडीत बसवलं.

"फिरवा, साहेब. या टोकाले, मंग त्या टोकाले. आतली हवा निघाली पाह्यजे."

बाबा फिरवत राहिले. छोट्या टाकीत बुडबुडे येत, मिस्तरी थेंब थेंब तेल वाढवत राहिला. बुडबुडे थांबले. मग चाकं जमिनीवर टेकवली आणि इंजिन चालू केलं. पंप कण्हला नाही.

"आता एक बोट," मिस्तरी म्हणाला.

बाबांनी उजव्या हाताचं नाही, डाव्या हाताचं बोट लावलं. स्टिअरिंग फिरलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि परत. आई दारात उभी होती, तिनं पदर डोळ्यांना लावला. मलाही रडू आलं असतं, पण माझी वाट काय पाहत आहे ते मला माहीत होतं.

मिस्तरी पोहे खाऊन गेला. आई आत गेली. बाबा गाडीतच बसून होते, दार उघडं, एक पाय बाहेर. मी हात पुसत होते.

"किरनापूरले गेलती ना तू," ते म्हणाले. "तवा जड होती काय गाडी?"

"होती."

"तुले तवा समजलं होतं?"

"समजलं होतं."

त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"मंग सांगितलं काहून नाही?"

मी खरं ते सांगितलं. त्या दिवशी सायकलवाला थोडक्यात वाचला, मला भीती वाटत होती, तुम्ही आपणहून थांबावं असं वाटत होतं. बोलताना ते इतकं फुसकं वाटलं की मी मधेच थांबले.

"भीती वाटत होती तं भीती वाटते असं म्हणायचं होतं," बाबा म्हणाले. "मी भांडलो असतो. थांबलोही असतो कदाचित. पण तीन महिने मी रोज हाताले शिव्या दिल्या. त्यानं काही केलं नव्हतं."

त्यांनी पाय आत घेतला आणि दार लावलं. गाडी फाटकाबाहेर नेली, गल्लीतून एकाच फटक्यात वळवली आणि गेले. मला बस म्हणाले नाहीत. दोन तासांनी आले. पत्राचा कागद टेबलावर होता, तो उलटा करून त्यांनी मागच्या कोऱ्या बाजूवर वारासिवनीच्या पुढच्या तारखा लिहिल्या.

त्यानंतर ते चार वर्षं गाडी चालवत होते. वारासिवनीला जायचे, कोणाला धक्का लागला नाही. माझ्याशी पूर्वीसारखंच बोलायचे. मी मुलींचे पेपर तपासत असले की माझ्या फटकळ शेऱ्यांवर हसायचे. आईला वाटलं सगळं मिटलं, आणि मीही तेच मानलं, कारण तसं मानणं सोयीचं होतं.

पाचव्या वर्षी एका संध्याकाळी शाळेतून परतताना मिस्तरी मला रस्त्यात भेटला. त्यानं मोटरसायकल थांबवली.

"साहेब आलते काल भरवेलीले," तो म्हणाला. "स्टिअरिंग पुन्हा जड झालं म्हणे. मी सारं पाह्यलं, बाई. पंप, पाईप, पट्टा. मी सोता चालवून पाह्यली, माह्या पोराले चालवायले लावली. गाडीत काही नाही."

"मग तुम्ही त्यांना काय सांगितलं?"

"जे हाय ते सांगितलं. ते म्हणाले, बरं झालं. मंग चाबी माह्या हातात दिली अन् म्हणाले, मले घरी सोडून दे, गाडी तू चालव."

घरी आले तेव्हा बाबा व्हरांड्यात बसले होते. गाडी अंगणात होती, कालपासून तिथेच. डावा हात मांडीवर होता, तळवा वर. मी त्यांच्या शेजारी बसले.  मग मी विचारलं, स्टिअरिंग जड वाटतं आहे हे मला का नाही सांगितलंत? गाडी मी चालवून पाहिली असती. भरवेलीपर्यंत कशाला जायचं होतं?

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता, तक्रारही नव्हती.

"तू खरं तेच सांगितलं असतं," ते म्हणाले. "मले माहीत आहे. पण या वेळी मले खात्री पाह्यजे होती."